अमेरिकेच्या अर्जाला जोडलेला पंचनामा

परभणी तालुक्यात आजवर जेवढे अर्ज भरले गेले, त्यांतले निम्मे आमच्या शेजारच्या अव्वल कारकुनांनी भरले आणि उरलेले निम्मे, त्यांच्या मते, चुकले. महसूल खात्याने त्यांना निवृत्तीच्या दिवशी हार घातला, नारळ दिला आणि घरी पाठवलं. अर्ज मात्र त्यांच्या मागोमाग घरी आले. सकाळी सातला त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असत. कुणाला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असे, कुणाला निराधारांचं अनुदान हवं असे, कुणाचा सातबारा बापाच्या नावावरून हलत नसे. ते पैसे घेत नसत. अट एकच होती: अर्ज पुरा होईपर्यंत अर्जदाराने उठायचं नाही. पिंगळीचा एक गृहस्थ गाडी चुकेल म्हणून अर्ध्यातून उठला, तर त्यांनी त्याची पिशवी स्वतःच्या मांडीखाली घेतली. "अर्ज म्हंजे बाळंतपण हाय," ते म्हणाले. "मधीच उठून गाडी धरता येत न्हाई." गाडी गेली. अर्ज मंजूर झाला. त्या गृहस्थाने पुढे आपल्या तिन्ही भावांना त्यांच्याकडेच पाठवलं, पण मुक्कामाच्या तयारीने.

ते अर्ज खालून वर वाचत. वरच्या ओळींत सरकार गोड बोलतं आणि तळाच्या बारीक अक्षरात खरं बोलतं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. पूर्णेच्या काही पोरांनी रेल्वेतल्या भरतीसाठी अर्ज केले, तेव्हा छापील कागदाच्या शेवटच्या ओळीत 'टाचणी लावू नये' असं होतं. सगळ्यांनी टाचण्या लावल्या. यांच्याकडून गेलेला एकच अर्ज पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला होता. त्या पोराला नोकरी लागली ती दोऱ्यामुळे, हे मत त्यांनी कधी बदललं नाही. पोराला परीक्षेत चांगले गुण मिळाले होते ही बाब त्यांना किरकोळ वाटे. अंगात बारा महिने काळा कोट असे. मे महिन्यात परभणीत डांबर वितळतं, तेव्हाही असे, कारण त्याच्या खिशांत शाईचा पॅड, दोन पेनं, मोजपट्टी आणि वीस कोरे कागद असत. उन्हात पॅड वाळू नये म्हणून ते तो ओल्या रुमालात गुंडाळत. त्यामुळे कोटाच्या उजव्या बाजूला कायम जांभळा डाग होता आणि मोहल्ल्यातली लहान मुलं त्यांना त्या डागावरून लांबूनच ओळखत.

पण त्यांचं खरं वेड स्थळपाहणीचं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कागदावर काही लिहीत नसत. पिंगळीच्या एका म्हातारीचं वय ठरवायला ते स्वतः तिच्या दारात गेले आणि रझाकारीच्या साली कडेवर मूल होतं का, असलं तर चालत होतं का, अशी दोन तास चौकशी करून त्यांनी वय काढलं. वय बरोबर निघालं. फक्त त्या हिशेबाने तिचा थोरला भाऊ तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा ठरला. बहीणभाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. पेडगावच्या दोघा भावांना रेशनकार्डं वेगळी हवी होती. खात्याचा जुना रिवाज असा की चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. भावांनी पाहणीच्या सकाळीच दुसरी चूल मांडून ठेवली. यांनी कोटाची बाही वर केली, राखेत हात घातला, मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली नाही. "चूल हाय," त्यांनी शेरा मारला, "पण तिच्यावर अजून कुनी जेवलेलं न्हाई." घरातही हीच तऱ्हा. कपबशी फुटली तरी पंचनामा होई आणि पंच म्हणून काकू सही करत. काकू एकदा मला म्हणाल्या की आमचं लग्नही यांनी स्थळपाहणी करूनच केलं. मला बघायला आले आणि आधी आडाला पाणी किती, ते बघून आले.

मी त्या काळात एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. माझ्याकडे टाइपरायटर होता आणि इंग्रजी वाचता येत होतं. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या अव्वल कारकुनांना इंग्रजी उशिरा आणि तुटक आलेलं, म्हणून इंग्रजी अर्ज आला की ते कुंपणावरून "पेपरवाले" अशी हाक मारत. एका मे महिन्यात अशीच हाक आली. ओट्यावर आमच्याच मोहल्ल्यात राहणारे कृषी विद्यापीठातले एक प्राध्यापक आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी बसल्या होत्या. समोर अमेरिकेच्या आयकराचा अर्ज आणि जाडजूड माहितीपुस्तिका होती.

बाईंचे वडील आदल्या वर्षी तिकडे वारले होते. त्यांच्या शेतीतला अर्धा वाटा बाईंकडे आला, त्याचा खंड येऊ लागला आणि अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याने घरच्या सरकारला अर्ज भरून द्यायचा, असा तिथला कायदा. जूनच्या मध्यापर्यंत अर्ज तिकडे पोचायला हवा होता. प्रश्न पहिल्याच पानावर अडला होता. विवाहित अर्जदाराने आपण कोणत्या प्रकारात मोडतो ते निवडायचं होतं, आणि नवरा परदेशी असला की तीन वाटा फुटत होत्या. मी त्या एकेक करून मराठीत सांगितल्या.

पहिली वाट: विवाहित, पण अर्ज वेगळा. अव्वल कारकुनांना ती मुळातच पटली नाही. काल संध्याकाळी हे दोघे त्यांना एकाच स्कूटरवर दिसले होते. दुसरी वाट: बाईंसोबत अमेरिकेत जन्मलेली मुलगी राहत असल्याने बाईंना कुटुंबप्रमुख म्हणवून घेता येईल, आणि त्यात कर सर्वांत कमी, मात्र त्यासाठी, नवरा परदेशी असल्यामुळे, त्यांना करापुरतं अविवाहित धरलं जाईल. हे ऐकून अव्वल कारकुनांनी चष्मा काढला. "नवरा समोर बसून चहा प्यायलाय," ते म्हणाले, "आन् बाईला बिनलग्नाची धरायची? शिवाय यांच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख यांच्या आई हाईत. ते अमेरिकेला कळवलं का?" तिसरी वाट एकत्र अर्जाची. तीत नवऱ्याने लिहून द्यायचं की कराच्या कामासाठी मला संपूर्ण वर्ष अमेरिकेचा रहिवासी समजावं, आणि दोघांनी सह्या करायच्या. ही निवड एकदा मोडली तर त्याच दोघांना ती पुन्हा कधीच करता येत नाही, असं तळाशी बारीक अक्षरात होतं. ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. "हे लग्नापेक्षा कडक हाय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच अमेरिकेबद्दल त्यांच्या आवाजात आदर आला.

एव्हाना माझ्या लक्षात आलं की नवराबायको एकमेकांशी थेट बोलत नव्हते. बाईंना तिसरी वाट हवी होती. कर थोडा इकडे-तिकडे होईल याचं त्यांना काही नव्हतं. त्या सासूकडून मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे गोऱ्या चेहऱ्यातून जे बाहेर पडे ते थेट गोदाकाठचं असे. "नऊ वर्षं झाली," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "दरसाल मी पोलिसाच्या कचेरीत जाऊन लिहून देते, मी परकी हाय म्हणून. ह्यांच्यासाठी देते. एका कागदावर ह्यांनी माझ्या बाजूला यावं, एवढंच म्हणायले मी." मग त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढून अव्वल कारकुनांसमोर ठेवला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून करायचा तो अर्ज होता. कोराच होता. सुट्टीत त्या मुलीला घेऊन अमेरिकेत आईकडे जाणार होत्या. परत कधी यायचं ते ठरलेलं नव्हतं. पहिला अर्ज झाला की हाही भरून द्या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. प्राध्यापकांनी मान खाली घातली. मुलगी तेव्हा काकूंबरोबर आत शेंगा सोलत होती. तिचं हसणं ओट्यावर ऐकू येत होतं.

प्राध्यापकांची अडचण वेगळी होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर इथल्या कितीतरी गावांत बौद्धांची घरं जळाली. त्यांत, जिल्ह्यातल्या एका लहान गावी, त्यांच्या आईचंही घर होतं. तेव्हा ते अमेरिकेत शिकत होते आणि तिथली नोकरी जवळजवळ ठरलेली होती. ती सोडून ते वर्षभरात परत आले. तान्ह्या मुलीला घेऊन बाईही आल्या. हे मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते नव्हतं.

"आईच्या जळालेल्या घराचा पंचनामा झाला," ते म्हणाले. "आगीचं कारण काय, त्यापुढं लिहिलं, अज्ञात. लावणारे तिथंच उभे होते. आईला वाचता येत नाही. तिनं अंगठा दिला. मला वाचता येतं. मी अमेरिकेचा रहिवासी नाही. नाही म्हणून तर इथं आहे. जे खरं नाही त्याच्यावर मी सही करणार नाही, मग ती करापुरती का असेना."

अव्वल कारकुनांनी पेनाला टोपण लावलं, दोन्ही अर्ज कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि तीन दिवसांनी बघू, एवढं म्हणून ते घरात गेले. अर्जदाराला अर्ध्यात उठवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पुढचे तीन दिवस त्यांनी कुणाचाही अर्ज घेतला नाही. ओट्यावर माणसं बसून बसून परत गेली. काकूंनी मला कुंपणाजवळ बोलावून विचारलं की अमेरिकेच्या कागदात असं काय होतं, कारण हे रात्रीचं जेवत नाहीत आणि परवा माझ्या हातून बरणी फुटली तर नुसते केरसुणी घेऊन झाडायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी ते कोट घालून निघाले. बरोबर समोरचे शिंपी आणि एक निवृत्त एस.टी. कंडक्टर असे दोन पंच होते. मला टाइपरायटरसकट घेतलं. अमेरिकेचं सरकार नवराबायको एकत्र की वेगळे हे विचारत आहे, तेव्हा आधी स्थळपाहणी व्हायला हवी, असा त्यांचा निर्णय होता. तो प्रश्न पुस्तिकेतल्या नियमांनी सुटतो, चुलीने नाही, हे मी वाटेत सांगून पाहिलं. चूल बघितल्याशिवाय कुटुंब कसं कळणार, असं त्यांनी उलट विचारलं आणि कंडक्टरने मान डोलावली.

प्राध्यापकांच्या घराच्या मागच्या अंगणात त्यांच्या आईची चूल होती; मोहल्ला त्यांना आजी म्हणे. अव्वल कारकुनांनी बाही वर करून राखेत हात घातला. राख गरम होती. भिंतीवर काजळी होती. इथपर्यंत ठीक होतं. पण पडवीत रॉकेलचा स्टोव्ह निघाला आणि त्यावर झाकण बसवलेला तेलाचा रिकामा डबा. बाई त्यात पाव भाजत. शिंपी म्हणाले, दोन ठिकाणी जाळ म्हणजे दोन चुली, आणि दोन चुली म्हणजे कुटुंब विभक्त. कंडक्टरचं म्हणणं पडलं की स्टोव्ह म्हणजे चूल नाही, कारण तो उचलून नेता येतो. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. एवढ्यात आजी काठी टेकत आल्या.

"चूल एकच हाय," आजी म्हणाल्या. "त्यो डबा हाय. डब्याला कुनी चूल म्हनतं का?"

अव्वल कारकुनांनी विचारलं, त्या डब्यातलं खातं कोण.

"मी खाते. मला दात न्हाईत, भाकर चावत न्हाई. हिचा पाव दुधात भिजतो. हिला मात्र माझ्याच हातची भाकर लागती. मी न्हाई केली तर उपाशी निजंल, अशी हाय ती."

अव्वल कारकून चुलीपाशी पाटावर बसले आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद उचलला, पण पंचांकडे दिला नाही. ते आजींकडे वळले.

"आजी, वाचून दाखवतो," ते म्हणाले. "मागच्या वेळी वाचून दाखवला न्हवता."

मला क्षणभर काही कळलं नाही. प्राध्यापकांना माझ्या आधी कळलं. ते पडवीतून अंगणात उतरले आणि तिथेच थांबले.

"तुमीच व्हता, ते मला ठावं हाय," आजी म्हणाल्या. "हितं ऱ्हायला आलो त्याच दिवशी वळखलं. कोटावरचा ह्यो डाग तवाबी व्हता."

"साहेब म्हणाले अज्ञात लिहा. लिहिलं मी."

"व्हय," आजी म्हणाल्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि चुलीच्या पलीकडे खाली बसल्या. "आता वाचा."

त्यांनी वाचलं. पंचनाम्याची भाषा ठरलेली असते; हीही तीच होती. समक्ष जाऊन पाहणी केली. चूल एक, राख गरम. डबा एक, गरम. चुलीवरची भाकर सून खाते, डब्यातला पाव सासू खाते. पती या जिल्ह्याचा रहिवासी असून त्याने येथेच राहावयाचे आपखुशीने ठरविले आहे. पत्नी अमेरिकेची नागरिक असून तिनेही येथे राहावयाचे आपखुशीने ठरविले आहे. सबब अर्ज वेगळा असला तरी तो करापुरता. कुटुंब एक आहे. वाचून दाखविला, बरोबर आहे. 'बरोबर आहे' या शब्दांवर ते थांबले आणि त्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी अंगठा पुढे केला. पॅडवर तो टेकवताना अव्वल कारकुनांनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

पंचांनी सह्या केल्या. मग प्राध्यापकांनी न सांगता पेन घेतलं आणि पंचांच्या खाली सही केली. तशी त्या सहीला जागा नव्हती. बाईंनी कागद हातात घेतला. देवनागरी त्यांना सावकाश वाचता येई. बसच्या पाट्यांवरून शिकल्या होत्या. नवऱ्याविषयीची ओळ आणि आपल्याविषयीची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, सहीवर बोट ठेवलं, आणि नवऱ्याला, त्या आठवड्यात बहुधा पहिल्यांदाच, थेट म्हणाल्या, "हे तुमी मला तोंडानं कधी सांगितलं न्हाई."

"कुणी विचारलं नव्हतं," प्राध्यापक म्हणाले. मग पेन परत करत म्हणाले, "मीच सांगायला हवं होतं."

अमेरिकेच्या अर्जावर बाईंनी स्वतःच्या हाताने पहिल्या वाटेपुढे खूण केली: विवाहित, अर्ज वेगळा. पंचनाम्याचं इंग्रजी मी तिथेच टाइप केलं. आपखुशी या शब्दाला तिकडे काय म्हणतात यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी उरला तो शाळेच्या दाखल्याचा अर्ज. अव्वल कारकुनांनी तो खिशातून काढून बाईंपुढे धरला. त्या म्हणाल्या, राहू द्या. त्यांनी तो घडी करून पुन्हा खिशात घातला. बाई जूनमध्ये मुलीला घेऊन आईकडे गेल्या आणि शाळा उघडून दोन आठवडे झाल्यावर परत आल्या. उशिराबद्दलचा अर्ज अर्थातच अव्वल कारकुनांनी भरला.

चार महिन्यांनी तिकडून लखोटा आला. पंचनामा, माझ्या इंग्रजीसकट, परत केला होता. सोबत दोन ओळी होत्या: अर्ज मिळाला, या जोडपत्राची आवश्यकता नाही. मी ते अव्वल कारकुनांना भीतभीतच वाचून दाखवलं. त्यांनी कागदावरचा अमेरिकेचा शिक्का उजेडात धरून बघितला. शिक्का सरळ मारलेला होता. "त्यांना नसंल," ते म्हणाले. पुढच्या वर्षीही पंच घेऊन ते गेले, त्याच्या पुढच्याही. शेवटी शेवटी पाहणीच्या दिवशी आजी त्यांच्यासाठी मऊ पाव राखून ठेवायला लागल्या, कारण त्यांचेही दात पडले होते.

त्या काळातली एक गोष्ट मात्र इथे लिहायला हवी. एका संध्याकाळी कुंपणाजवळ उभे असताना त्यांनी मला विचारलं की त्या आगीची बातमी तुमीच दिली होती ना. मी हो म्हणालो. तीत काय लिहिलं होतं, असं त्यांनी विचारलं. आगीचे कारण समजू शकले नाही, असं होतं. ते कुठून घेतलं, असं विचारलं तेव्हा मला सांगावं लागलं की तुमच्या पंचनाम्यावरून. गावात मी गेलो नव्हतो. ते बराच वेळ जांभळ्या डागावर बोट घासत उभे राहिले. मला बोल लावला नाही. "मग तुमीबी एकदा आजीकडं जाऊन या," एवढंच म्हणाले.

जातो म्हणालो. त्या घरी माझं जाणंयेणं होतंच. नंतर कितीतरी वेळा गेलो, आजींच्या समोर पाटावर बसलो, पावसापाण्याचं बोललो, चहा घेऊन उठलो. पुढे आजी गेल्या. त्यानंतर दीड वर्षाने अव्वल कारकूनही गेले. त्यांच्यावर मी चार ओळींची बातमी दिली, त्यात सगळं बरोबर होतं. अडून राहिलेलं नामांतर अखेर झालं त्या जानेवारीत प्राध्यापकांनी पेढे वाटायला घरी बोलावलं. बाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि आत जाऊन बसा म्हणाल्या. आत बसलो. ज्यांना सांगायचं होतं त्यांचा पाट भिंतीला उभा टेकवून ठेवला होता. पेढा खाल्ला, पाणी प्यायलो आणि घरी आलो.